व्यवसाय प्रशिक्षणावरील छायाचित्र स्पर्धा : विषय कोणता निवडावा आणि परवानग्या कशा घ्याव्यात?

सातपूर_कॉलनी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१४ मध्ये ठराव केल्यापासून १५ जुलै हा दिवस जागतिक युवा कौशल्य दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने कौशल्य आणि व्यवसाय प्रशिक्षण या विषयावर छायाचित्र स्पर्धा होतात, आणि अशाच एका स्पर्धेत या वर्षी प्रवेशिका पाठवण्याचे मी ठरवले आहे. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते; छायाचित्रण ही माझी हौस आहे. आजवर मी नाशिकचा गोदाघाट, पंचवटीतील जुने वाडे आणि पावसाळ्यातील ब्रह्मगिरी यांचीच छायाचित्रे घेत आले. काम करत असलेल्या माणसाचे छायाचित्र घेणे ही त्याहून फार वेगळी जबाबदारी आहे, त्यामुळे काम सुरू करण्याआधी येथील जाणकारांचा सल्ला घ्यावा असे वाटले.

नियमावलीनुसार जास्तीत जास्त ३ छायाचित्रे पाठवता येतात आणि प्रत्येकासोबत १०० शब्दांपर्यंत मजकूर द्यावा लागतो. छायाचित्रात काही जोडलेले किंवा पुसलेले चालत नाही, आणि त्यात दिसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची लेखी संमती आवश्यक आहे. निवडलेली छायाचित्रे आयोजक आपल्या प्रकाशनांत व प्रदर्शनांत वापरू शकतील, असेही एक कलम आहे.

विषयाचे तीन पर्याय माझ्यासमोर आहेत. पहिला पर्याय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील कार्यशाळेचा; एका संस्थेच्या प्राचार्यांनी तोंडी होकार दिला आहे. दुसरा पर्याय येवल्याच्या पैठणी विणकरांचा आणि तिसरा निफाड-दिंडोरी भागातील द्राक्षबागांत कलम बांधणाऱ्या कारागिरांचा. यांपैकी कोणता विषय घेतल्यास प्रशिक्षण खऱ्या अर्थाने दिसेल? कार्यशाळेतील अपुरा आणि मिसळलेला प्रकाश कसा हाताळावा? प्रशिक्षणार्थींपैकी बरेच जण १८ वर्षांखालील असतील, तर संमती कोणाची घ्यावी? आणि वापराच्या त्या कलमावर सही केल्यानंतर छायाचित्रावर माझा हक्क कितपत उरतो? सविस्तर मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

निवृत्त_निदेशक

ताई, मी जोडारी (फिटर) व्यवसायाचा शिल्पनिदेशक, म्हणजे प्रशिक्षक, म्हणून नोकरीचा बहुतेक काळ कार्यशाळेत घालवला, म्हणून तुमच्या पहिल्याच प्रश्नाबद्दल लिहितो. प्रकाश आणि कायदा यांवर इतर सदस्य अधिक अधिकाराने सांगतील.

व्यवसाय प्रशिक्षणाचे छायाचित्र म्हटले की बहुतेक जण वेल्डिंगच्या ठिणग्यांकडे धावतात. अंधारी पार्श्वभूमी, तोंडावर ढाल आणि चहूकडे उडणारे सोनेरी कण, असे चित्र दिसते सुंदर. मात्र ज्यांना हे काम ठाऊक आहे त्यांना त्यात कौशल्य दिसत नाही. आर्क वेल्डिंगमध्ये ठिणग्या फार उडत असतील, तर बहुधा विद्युतप्रवाह जास्त ठेवलेला असतो, इलेक्ट्रोड कामापासून लांब धरलेला असतो किंवा त्याला ओल लागलेली असते. संधाता (वेल्डर) व्यवसायाच्या मुलांना आम्ही पहिल्यापासून हेच शिकवतो की आवाज एकसारखा यावा आणि शिंतोडे कमीत कमी उडावेत. छायाचित्रांत दिसणाऱ्या ठिणग्यांचा मोठा फवारा तर पुष्कळदा ग्राइंडरचा असतो आणि खालचा मजकूर मात्र वेल्डिंगचा असतो. परीक्षकांत प्रशिक्षण क्षेत्रातील एखादी व्यक्ती असेल, तर ती प्रवेशिका तिथेच बाजूला पडेल.

त्यापेक्षा वेल्डिंग संपल्यानंतरचा क्षण पाहा. मुलगा ढाल वर करतो, चिपिंग हातोड्याने स्लॅगचा, म्हणजे जोडावर साचलेल्या मळीचा, काळा थर टकटक करत काढतो, तारेच्या ब्रशने घासतो, आणि खाली जोडाची रेघ उघडी पडते. तिच्यावरच्या लाटा एकसारख्या अंतराने आल्या असतील तर हात स्थिर होता. मध्येच जाड आणि मध्येच बारीक झाल्या असतील तर वेग चुकला. त्या रेघेकडे पाहताना मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते प्रशिक्षणाचे खरे छायाचित्र आहे.

माझ्या जोडारी व्यवसायातील उदाहरण याहून साधे आहे, आणि माझ्या मते याहून चांगलेही आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि सुरुवातीचा मोठा काळ कानस मारण्यात, म्हणजे कानशीने धातू घासण्यात, जातो. लोखंडाचा तुकडा बेंच व्हाइसमध्ये धरायचा, एका हातात कानशीची मूठ आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याखाली तिचे टोक, डावा पाय पुढे, आणि जोर केवळ पुढे जाताना द्यायचा. नवख्या मुलाची कानस झोका घेते, त्यामुळे पृष्ठभाग सपाट होण्याऐवजी मधे फुगीर आणि कडांना उतरता होतो. मुलाला वाटते की झाले. मग निदेशक त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे अवजार, लावायला सांगतात. मुलगा तुकडा खिडकीच्या उजेडासमोर डोळ्यांच्या पातळीवर धरतो आणि गुण्याचे पाते कडेवर टेकवतो. पाते आणि लोखंड यांच्यामधून केसाहूनही बारीक उजेडाची रेघ दिसली, की जिथून उजेड येतो तिथे खड्डा आणि जिथे अडतो तिथे उंचवटा. निदेशक त्या उंचवट्यावर खडूने खूण करतात आणि मुलगा पुन्हा व्हाइसकडे वळतो. हे दिवसभर चालते. शिकवणारा, शिकणारा, अवजार आणि माप या चारही गोष्टी एका चौकटीत येतात असा क्षण कार्यशाळेत याच्याइतका दुसरा क्वचितच सापडेल, आणि तो टिपण्यासाठी कोणालाही अभिनय करायला लावावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावी. छायाचित्रात सुरक्षेचा नियम मोडलेला दिसता कामा नये. लेथसारख्या फिरत्या यंत्रावर हातमोजे घालून उभा असलेला मुलगा बाहेरच्या माणसाला जबाबदार वाटतो. प्रत्यक्षात फिरत्या चकजवळ (यंत्रात काम पकडून ठेवणाऱ्या भागाजवळ) हातमोजे घालणे धोक्याचे आहे, कारण मोजा अडकला की हात आत ओढला जातो. मोकळ्या बाह्या, गळ्यातील ओढणी, सुटे केस, हातातील कडे आणि चकमध्येच राहिलेली चावी यांनाही हेच लागू आहे. चौकटीत असे काही दिसले तर कॅमेरा खाली ठेवून आधी निदेशकांना सांगावे. केवळ छायाचित्रासाठी मुलांना नवे कोरे हेल्मेट आणि मोजे चढवण्याचा आग्रह काही संस्थांत होतो, त्यालाही नम्रपणे नकार द्यावा.

शक्य असल्यास कॅमेरा न काढता एक पूर्ण प्रात्यक्षिक बसून पाहा. कोणती पायरी कशानंतर येते हे कळल्यावर पुढचा क्षण कुठे घडणार आहे ते आधीच लक्षात येते.

अंबड_कॅमेरा

निदेशक सरांनी मुद्द्यालाच हात घातला आहे. मी अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत औद्योगिक छायाचित्रण करतो, तेव्हा प्रकाशाबद्दल लिहितो.

जुन्या पद्धतीच्या कार्यशाळांचे छत करवतीच्या दातांसारखे असते आणि त्यातील काचा बहुधा उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या असतात. तिथून दिवसभर सावली न पाडणारा मऊ प्रकाश येतो. तुमच्या संस्थेत असे छत असेल तर सकाळच्या सत्रात वरचे दिवे बंद ठेवता येतील का, हे निदेशकांना विचारा. मात्र यंत्रांच्या विभागात कामाला पुरेसा उजेड असणे ही सुरक्षेची गरज आहे, म्हणून तिथे असा आग्रह धरू नका. दिवे चालूच ठेवावे लागले तर खिडकीचा निळसर आणि दिव्यांचा पिवळट किंवा हिरवट प्रकाश एकाच चेहऱ्यावर मिसळतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. अशा वेळी जागा बदलून विषयावर एकाच प्रकारचा प्रकाश येईल असे उभे राहणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. गुण्या उजेडासमोर धरण्याचे जे दृश्य सरांनी सांगितले, त्यात प्रकाश समोरून येईल, त्यामुळे एक्स्पोजर चेहऱ्यावर ठेवायचे की फटीवर, हे आधी ठरवा. मी फटीवर ठेवले असते आणि चेहरा थोडा सावलीत जाऊ दिला असता.

आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि अनेक साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण १/१०० सेकंदापेक्षा वेगवान शटर ठेवले तर छायाचित्रात आडवे गडद पट्टे येऊ शकतात. म्हणून अशा दिव्यांखाली १/१०० किंवा १/५० वर राहावे आणि कमी पडणारा प्रकाश आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवून मिळवावा. थोडे दाणे आलेले छायाचित्र चालते. पट्टे आलेले चालत नाही. कानस मारणाऱ्या हाताला १/५० वर किंचित गती येईल आणि चेहरा स्थिर राहील, तर ते चांगलेच दिसेल. फिरत्या चकचे मात्र अतिवेगवान शटरने छायाचित्र घेतले तर यंत्र बंद असल्यासारखे वाटते.

फ्लॅश वापरू नये असे माझे ठाम मत आहे. यंत्रावर काम करणाऱ्याचे लक्ष एका क्षणासाठी जरी विचलित झाले, तरी त्याची किंमत त्याच्या बोटांनी मोजावी लागू शकते. वेल्डिंगच्या विभागात तर तुमच्या स्वतःच्या डोळ्यांचाही प्रश्न आहे. आर्कमधून निघणारे अतिनील किरण डोळ्यांच्या बाहेरच्या पडद्याला भाजतात आणि त्याचा त्रास काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो. कॅमेऱ्याच्या भिंगातून थेट आर्ककडे कधीही पाहू नका. पडद्यावर पाहून चौकट ठरवा, स्वतः १० किंवा ११ क्रमांकाच्या काचेची ढाल वापरा आणि त्वचा झाकलेली ठेवा.

चांगला मोबाइल असला तरी स्पर्धेला पुरतो, जर नियम आड येत नसतील तर. प्रदर्शनात १२ बाय १८ इंचांची छपाई करायची असेल तर ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल, म्हणजे सुमारे १९ मेगापिक्सेल लागतात. २०० डीपीआयला ८.६ मेगापिक्सेलमध्ये भागते आणि हाताच्या अंतरावरून पाहणाऱ्याला तेही पुरेसे वाटते. मोबाइलमधील चेहरा गोरा व गुळगुळीत करणारी सोय मात्र आवर्जून बंद करा, कारण ‘काही पुसलेले नसावे’ या नियमात तीही येऊ शकते. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या छायाचित्रासारखी पाठवू नका. तिथे फाइल दाबली जाते आणि कॅमेऱ्याने नोंदवलेली माहितीही निघून जाते. आयोजकांनी शंका काढली तर तीच माहिती तुमच्या कामी येणार आहे.

विषयाबद्दल आणखी एक सुचवतो. छायाचित्रण हाही संस्थांतून शिकवला जाणारा व्यवसायच आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले ते बडोद्याच्या कलाभवनात. ती संस्था १८९० मध्ये स्थापन करणारे सयाजीराव गायकवाड आपल्याच जिल्ह्यातील, मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचे. आजही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसायांच्या यादीत डिजिटल छायाचित्रकार हा अभ्यासक्रम आहे. तिसऱ्या छायाचित्रासाठी हा विषय विचारात घेण्याजोगा आहे.

येवला_हातमाग

नमस्कार ताई. आमच्या घरात माग आहे, म्हणून येवल्याच्या पर्यायाबद्दल सांगतो. विणकाम हे संस्थेच्या वर्गात कमी आणि मागावर बसूनच अधिक शिकले जाते, म्हणून त्याला प्रशिक्षण म्हणू नये असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. मात्र येवल्यात येणारे बहुतेक छायाचित्रकार एकच चित्र घेऊन परत जातात: मागामागे बसलेले वयस्क विणकर आणि पुढे पसरलेला झगमगता पदर. त्यात शिकणे कुठेच नसते.

शिकणे पाहायचे असेल तर पदराची वीण सुरू असताना या. काठ आणि अंग विणताना धोटा (आडवा धागा नेणारे साधन) या टोकाकडून त्या टोकाला जातो, पण पदरातील मोर किंवा वेल भरताना प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी तिल्ली (धागा गुंडाळलेली कांडी) असते, आणि एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवावे लागतात. शिकणाऱ्याची गफलत तिथेच होते. धागा सैल राहिला की बारीक फट पडते आणि जास्त ओढला की पदर आवळतो. शिकवणारा बोलत नाही, हात पुढे करून तो धागा उसवतो आणि तिल्ली पुन्हा शिकणाऱ्याच्या हातात देतो. मागाच्या बाजूला खाली बसून, दोघांचे हात एकाच चौकटीत येतील असा कोन मिळाला तर पाहा. खोल्या लहान असतात, म्हणून रुंद भिंग आणा, आणि ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) कोपर किंवा पिशवीचा पट्टा लागणार नाही एवढी काळजी घ्या. एक धागा तुटला तरी सांधण्यात वेळ जातो, आणि आमची मजुरी विणलेल्या कापडावर असते.

दोन विनंत्या आहेत. पहिली नक्षीबद्दल. काही विणकर ग्राहकासाठी नवी नक्षी बांधतात आणि साडी विकली जाईपर्यंत ती बाहेर जाऊ नये अशी त्यांची इच्छा असते. तेव्हा मागावरचा पदर आणि बाजूला ठेवलेला आलेखाचा कागद यांचे छायाचित्र घेण्याआधी स्पष्ट विचारा. दुसरी विनंती मुलांबद्दल. शाळेतून आलेले मूल हौसेने मागावर बसते आणि ते दृश्य कोणालाही मोहात पाडते. बालमजुरीविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हापासून १४ वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यावर सरसकट बंदी आहे. कुटुंबाच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्याची सवलत असली तरी परदेशातील परीक्षकाला चौकटीत ती सवलत दिसणार नाही, त्याला केवळ मागावर बसलेले मूल दिसेल, आणि बोट त्या कुटुंबाकडे रोखले जाईल.

निफाड_द्राक्ष

द्राक्षाच्या कलमांचा विचार असेल तर वेळेचा हिशोब घाला. डॉगरिजसारख्या खुंटाची, म्हणजे कलमाला मुळे पुरवणाऱ्या वेलीची, लागवड आमच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला होते आणि त्यावर पाचर कलम बांधण्याचे काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चालते. म्हणजे जुलैच्या स्पर्धेसाठी छायाचित्र हवे असेल तर ते आदल्या हंगामातलेच असावे लागेल. त्याऐवजी एप्रिलमधील खरड छाटणी पाहता येईल. नवख्या मजुराला कोणती काडी किती डोळ्यांवर कापायची हे जुना कारागीर वेलीजवळ उभा राहून दाखवतो. हे काम करणारे कितीतरी जण पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून येतात, त्यांच्याकडे हे कौशल्य उत्तम असते, पण प्रमाणपत्र नसते. मजकुरात त्यांच्या गावाचा उल्लेख त्यांच्या संमतीने जरूर करा. पाहणाऱ्याला बागाईतदारच सगळे करतो असे वाटता कामा नये.

कायदेविषयक_सदस्य

संमती आणि हक्क या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

प्राचार्यांचा तोंडी होकार आवाराच्या आत येण्यापुरता आहे असे समजा आणि तोही लेखी घ्या. अर्जात स्पर्धेचे स्वरूप, भेटीचा दिनांक, कोणत्या विभागात जाणार आणि छायाचित्रे कुठे वापरली जाऊ शकतात, हे नमूद करा. व्यक्तीची संमती ही स्वतंत्र बाब आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किमान १४ वर्षांपासून प्रवेश मिळतो आणि दहावीनंतर आलेली मुले पंधरा-सोळा वर्षांची असतात. १८ वर्षे पूर्ण न झालेल्या प्रशिक्षणार्थीच्या बाबतीत आई, वडील किंवा पालक यांची सही घ्या, आणि त्यासोबत त्या मुलाची किंवा मुलीची इच्छाही विचारा. पालकांनी सही केली आणि मुलीला स्वतःला नको असेल, तर ते छायाचित्र पाठवू नये. संमतिपत्र मराठीत असावे, सही करण्याआधी वाचून दाखवावे आणि एक प्रत त्यांच्याकडे राहू द्यावी. आयोजकांचा नमुना इंग्रजीत असेल तर मराठी प्रत सोबत जोडा.

हक्कांबद्दल सांगायचे तर, कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे स्वतःच्या हौसेने घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक छायाचित्रकार असतो. कोणी मोबदला देऊन ते काढून घेतले असेल आणि वेगळा करार झाला नसेल, तर तो हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. तुमच्या बाबतीत तसे नाही. छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. आता ते कलम मूळ भाषेत नीट वाचा. आयोजकांना ‘वापरण्याचा परवाना’ दिला आहे, की हक्क ‘हस्तांतरित’ केला आहे, यावर सगळे अवलंबून आहे. परवाना असेल तर मालकी तुमच्याकडेच राहते. आपल्या कायद्यानुसार हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. परदेशी आयोजक मात्र आपल्या देशाचा कायदा लागू राहील असे नियमात लिहून ठेवू शकतात, तेही पाहून घ्या. केवळ निवडलेल्याच नव्हे तर आलेल्या सर्व प्रवेशिकांचा कायमस्वरूपी व विनामूल्य वापर मागणाऱ्या स्पर्धांपासून मी माझ्या परिचितांना दूर राहायला सांगतो. छायाचित्रासोबत तुमचे नाव दिले जाईल, असे स्पष्ट वाक्य नियमांत असायला हवे.

नाशिकपुरती एक सूचना. शिकाऊ उमेदवार ओझरच्या विमान कारखान्यात आणि नाशिक रोडच्या मुद्रणालयातही असतात, म्हणून तेथील छायाचित्र घ्यावेसे वाटणे साहजिक आहे. तो विचार सोडून द्या. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली प्रतिबंधित ठरवलेल्या जागांचे चित्रण हा गंभीर विषय आहे, आणि देवळालीच्या लष्करी परिसरालाही तोच न्याय लावा. खासगी कारखान्यात यंत्रावर अडकवलेले आरेखन आणि त्यावरील क्रमांक हे ग्राहक कंपनीचे असतात, तेही चौकटीबाहेर ठेवा.

सातपूर_कॉलनी

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या तपशिलाने कोणी उत्तरे देईल अशी अपेक्षा नव्हती. नियमावली पुन्हा वाचली. त्यात केवळ निवडलेल्या छायाचित्रांच्या वापराचा परवाना मागितला आहे आणि छायाचित्रकाराचे नाव देण्याचेही आश्वासन आहे. मी जोडारी विभाग निश्चित केला आहे. तिन्ही छायाचित्रे तिथलीच घ्यावीत आणि ती क्रमाने लागावीत, असा विचार आहे: कानस मारणे, गुण्याने तपासणे आणि निदेशकांनी खडूने खूण करणे. त्या विभागात दोन मुलीही शिकत आहेत असे कळले; त्यांची आणि त्यांच्या पालकांची तयारी असेल तर त्यांच्यापैकी एकीला विचारीन. येवल्याला स्पर्धेचा विचार बाजूला ठेवून स्वतंत्रपणे जाईन.

निदेशक सर, १०० शब्दांच्या मजकुरात काय लिहावे आणि काय गाळावे, हे सांगाल का?

निवृत्त_निदेशक

जरूर. ‘जिद्द’, ‘उज्ज्वल भविष्य’, ‘कुशल भारत’ असले शब्द गाळा; ते आयोजकांच्या पत्रकात आधीच असतात. जे चित्रात दिसते पण अनोळखी माणसाला उमगत नाही, तेवढेच लिहा. दुसऱ्या छायाचित्रासाठी नमुना देतो, तुमच्या प्रत्यक्ष निरीक्षणाप्रमाणे तो बदला.

“जोडारी व्यवसायाच्या पहिल्या वर्षातील प्रशिक्षणार्थी स्वतः कानस मारलेला पोलादाचा तुकडा उजेडासमोर धरून गुण्याने तपासत आहे. पाते आणि धातू यांच्यामधून उजेड दिसतो तिथे पृष्ठभाग खोल आहे; दिसत नाही तिथे तो अजून उंच आहे. पूर्ण कडेवर उजेड दिसेनासा होईपर्यंत ती हा भाग पुन्हा पुन्हा घासेल. यंत्रावर काम करण्याआधी हाताने सपाट पृष्ठभाग आणि काटकोन साधणे, हा या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचा पाया आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, नाशिक.”

तिची इच्छा असेल तर नाव द्या, आणि तिसऱ्या छायाचित्रात निदेशकांचेही द्या. केवळ ‘एक शिक्षक’ असे लिहू नका. मुलीच्या घरची परिस्थिती, वडिलांचे काम किंवा ती किती लांबून बसने येते, हे तिने आपणहून सांगितले तरी मजकुरात घालू नका. तिला या छायाचित्रात तिच्या कामासाठी पाहिले जावे.

मजकूर इंग्रजीत करताना अवजारांची नावे विभागातील निदेशकांकडून तपासून घ्या, कारण कानशीचेही खडबडीत आणि बारीक असे प्रकार असतात आणि कोणत्या पायरीवर कोणती वापरली हे चुकले तर जाणकाराच्या लक्षात येते. पाठवण्याआधी छायाचित्र आणि मजकूर दोन्ही त्या मुलीला दाखवा. तुकडा तिने घासलेला आहे, त्यामुळे फट कोणत्या बाजूला होती हे तिच्याइतके अचूक कोणी सांगू शकणार नाही. प्रशिक्षणार्थींची परीक्षा जवळ आली की विभागात बाहेरच्यांना वेळ देणे अवघड होते, म्हणून प्राचार्यांना अर्ज याच आठवड्यात द्या.